घोटभर वाइन, घागरभर मतं

वाइन हे पेय मुळात मराठी माणसासाठीच निर्माण झालं होतं आणि मध्येच काहीतरी घोटाळा होऊन ते फ्रान्सला गेलं, असं माझं मत आहे. दुसरं कुठलं पेय असं आहे, की जे प्यायच्या आधी उजेडाकडे धरून बघायचं, कपाळाला आठ्या घालून हुंगायचं, तोंडात घोळवून क्षणभर गप्प बसायचं आणि मग चारचौघांत त्यातलं न्यून सांगायचं? लग्नातल्या मठ्ठ्यापासून शेजारणीच्या दिवाळीच्या फराळापर्यंत आपण पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलो. फक्त त्याला कुणी प्रतिष्ठा दिली नव्हती. वाइनच्या जगात या कामाचे रीतसर अभ्यासक्रम आहेत, परीक्षा आहेत आणि पास होणाऱ्याला लोक पगार देतात.

चांगल्या रेस्टॉरंटात बाटली उघडली की यजमानाच्या ग्लासात आधी घोटभरच ओततात आणि वेटर अदबीनं उभा राहतो. बहुतेकांना वाटतं, तो ‘आवडली का?’ असं विचारतोय. खरं तर तो विचारत असतो, ‘बिघडलेली तर नाही ना?’ बुचातून कधीकधी टीसीए नावाचं एक रसायन वाइनमध्ये उतरतं आणि तिला ओल्या पुठ्ठ्याचा, पावसात भिजलेल्या रद्दीचा वास येतो. तसा आला तर बाटली परत जाते. नुसती आवडली नाही म्हणून जात नाही. म्हणजे जगातल्या महागड्यातल्या महागड्या टेबलावर जेवणाची सुरुवातच मुळी दोष शोधण्याच्या विधीनं होते! हे कळल्या दिवसापासून आमच्या कंपूत तो पहिला घोट घेण्याचा मान बँकवाल्याकडे आहे. कर्जाच्या प्रस्तावात पाणी कुठे मुरतंय ते हुंगण्यात त्याची सगळी नोकरी गेली. नाशिकच्या बऱ्याच बाटल्यांना हल्ली बुचाऐवजी फिरकीचं झाकण असतं. त्यामुळे हा दोष निघायची सोयच उरलेली नाही, याबद्दल तो नाशिकवर जरा नाराज असतो.

कंपूत बाकी एक सीए, एक भूलतज्ज्ञ डॉक्टर, एक आर्किटेक्ट मैत्रीण, बँकवाल्याची बायको म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वहिनी, माझी बायको आणि मी. मुलं मार्गाला लागली, घरांचे हप्ते फिटले आणि डॉक्टरांनी (आमच्या नव्हे, खऱ्या) तेल-तूप कमी करायला सांगितलं, नेमक्या त्या सुमाराला आम्हाला उत्तम खाण्यापिण्याचा नाद लागला.

आम्ही कॉलेजात असताना वाइन हा शब्द फक्त इंग्रजी सिनेमात ऐकू यायचा. ऐंशीच्या दशकात नारायणगावला इंडाजवाले फसफसणारी वाइन करत होते म्हणे, पण पुण्यातल्या आम्हा पोरांना नारायणगाव माहीत होतं ते तमाशाच्या राहुट्यांमुळे. पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीला राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ वाइनच्या द्राक्षांच्या वेली लावल्या, २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली, २००१ साली राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण काढून वाइनला करात सवलती दिल्या, आणि बघता बघता शनिवारी सकाळी नाशिकला जाणाऱ्या गाड्यांमध्ये त्र्यंबकेश्वरवाले किती आणि वाइनवाले किती हे नुसतं बघून सांगता येईनासं झालं. काही गाड्या दोन्हीकडे जातात. आमचीही जाते. आधी त्र्यंबकेश्वर, यावर वहिनी ठाम असतात.

पुण्याहून नाशिकला जाताना चाकण लागतं. वाइन मुरण्यासाठी जेवढा वेळ लागतो तेवढा तिथे सहज मिळतो. नाशिकला पोहोचेपर्यंत पोटात कावळे ओरडत असतात, आणि नाशकात सकाळी भूक लागली तर माणूस मिसळच खाणार. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तर्री, पापड, दही. हे जेवून तासाभरात आम्ही वाइनच्या टेस्टिंग रूममध्ये उंच खुर्च्यांवर जाऊन बसतो. टेस्टिंग घेणारा मुलगा उत्साही असतो. ग्लासाची दांडी कशी धरायची, हातानं वाइन गरम का होऊ द्यायची नाही, ग्लास गोल का फिरवायचा, सगळं नीट सांगतो. मग म्हणतो, आता डोळे मिटून खोल श्वास घ्या आणि पहिला वास कसला येतो ते सांगा.

‘तर्री,’ बँकवाला म्हणतो.

तो मुलगा हसून वेळ मारून नेतो, पण पुढच्याच ग्लासाला वहिनी डोळे न मिटता म्हणतात, ‘याला ढोबळी मिरची चिरल्याचा वास येतोय. विळीवर.’ आणि मुलगा चपापतो. कारण ती सॉव्हिन्यों ब्लाँ असते आणि तिच्यात हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो हे पुस्तकात छापलेलं आहे. मिरचीत आणि त्या द्राक्षात वासाचं एकच कुटुंब नांदतं, पायराझिन नावाचं. वहिनींना पायराझिन ठाऊक नव्हतं, पण चाळीस वर्षं ओट्याशी उभं राहिलेल्या बाईच्या नाकाला डिप्लोमा लागत नाही. त्या दिवसापासून त्यांचा शब्द अखेरचा.

सीएचं प्रकरण निराळं. शिराझमध्ये म्हणे काळ्या मिरीचा वास येतो. सगळ्यांना आला. सीएनं तीनदा हुंगलं आणि जाहीर केलं, की हा सगळा बनाव आहे. डॉक्टरनं मग शोधून काढलं: मिरीचा तो वास रोटंडोन नावाच्या एका रेणूचा असतो, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो २००८ साली ओळखला, आणि साधारण पाचातल्या एका माणसाला तो अजिबात जाणवत नाही. झालं. दुसरा कुणी असता तर खट्टू झाला असता. सीए त्या दिवसापासून ‘मी त्या वीस टक्क्यांतला’ असं अशा तोऱ्यात सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, गुणवत्ता यादीत आलाय.

डॉक्टरच्या भात्यात याहून जहाल बाण आहे. बोर्दोमध्ये वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइनच लाल रंग घालून प्यायला दिली, आणि त्यांनी तिचं वर्णन करायला झाडून सगळे लाल वाइनचे शब्द वापरले. हा प्रयोग २००१ साली छापून आला. आमच्यातलं कुणी लाल वाइनचा ग्लास हातात घेऊन जांभळं, मनुका, सिगारचा डबा वगैरे बोलू लागलं, की डॉक्टर त्याचं वाक्य पुरं होऊ देतो आणि मग शांतपणे बोर्दो काढतो. भूल देणाऱ्याला समोरच्याचं बोलणं कुठल्या शब्दावर थांबणार याचा अंदाज असतो.

टेस्टिंग रूममध्ये काउंटरवर थुंकण्यासाठी एक भांडंही ठेवलेलं असतं. खरे जाणकार घोट घोळवतात आणि थुंकतात, नाहीतर पाचव्या ग्लासाला सगळ्याच वाइन अप्रतिम लागतात. आमच्यापैकी कुणीही आजवर त्या भांड्याकडे वळूनसुद्धा बघितलेलं नाही. टेस्टिंगचे पैसे भरलेले असतात. पैसे भरून थुंकायचं, हे बसणारच नाही.

त्या सबंध सहलीत खरोखर तोंडात घेऊन थुंकणारा एकच माणूस आम्हाला भेटला. दिंडोरीकडे बँकवाल्याच्या ओळखीचे एक बागायतदार आहेत. अर्धी बाग खायच्या द्राक्षांची, थॉमसनची. अर्धी वायनरीच्या कराराची, शिराझची. गळ्यात तुळशीची माळ. दारूचा थेंब कधी ओठाला लागलेला नाही, लागायचा नाही. फेब्रुवारीत तोडणी ऐन भरात असताना आम्ही गेलो. युरोपात हे काम ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरात होतं. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी, म्हणजे वेल सुट्टीच घेत नाही. आम्ही घडावरचे चार मणी तोंडात टाकले. बारीक, जाड सालीचे, बियांनी भरलेले. आर्किटेक्ट म्हणाली, ‘यापेक्षा तुमची पलीकडची छान आहेत.’ दादा हसले. ‘खायला ती, प्यायला ही. लाल रंग सालीतनंच उतरतो, पातळ साल काय कामाची?’ मग त्यांनी एक मणी तोंडात टाकला, बी दाताखाली फोडली, कान देऊन ऐकल्यासारखं केलं आणि सगळं बाजूला थुंकलं. ‘अजून चार दिवस. बी कुरकुरीत झाली पाहिजे, हिरवट तुरटपणा जायला पाहिजे.’ वायनरीचा माणूस रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येतो, त्यात साखर बावीस-चोवीस ब्रिक्स भरली की तोडणी ठरते. पण यंत्र यायच्या आधी दादांचं ठरलेलं असतं. निघता निघता त्यांनी बांधापलीकडच्या बागेकडे हनुवटी उडवली. ‘त्यानं घाई केली. त्याची आंबट होणार.’ न पिता, बाटली भरायच्याही आधी, शेजाऱ्याच्या वाइनमधलं उणं काढणारा हा माणूस पाहून बँकवाल्यानं त्यांना वाकून नमस्कार केला.

सहलीच्या तारखा जुळवणं हे मात्र कठीण काम. जोडून सुट्टी येते ती २६ जानेवारीला, १५ ऑगस्टला, २ ऑक्टोबरला, आणि हे तिन्ही ड्राय डे. ज्या कारणानं सुट्टी मिळते त्याच कारणानं वाइन मिळत नाही. शिवाय निवडणुका. शिवाय आपल्याकडे कायद्यानं मद्य प्यायला परवानाही लागतो. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. सीएनं हजार रुपये भरून आजन्म परवाना काढलाय, लॅमिनेट करून पाकिटात ठेवलाय, आणि अजून एकाही माणसानं तो दाखवा म्हटलं नाही याचं त्याला दुःख आहे. २०२२ च्या जानेवारीत सरकारनं सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि त्यावरून महाराष्ट्रात जो धुरळा उडाला, तेव्हाही सीए फक्त एवढंच विचारत होता, की तिथे तरी परवाना बघतील ना?

आणि ते ‘खोलीच्या तापमानाला’ प्रकरण. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा नियम ज्यांनी केला, त्यांच्या खोल्या दगडी होत्या आणि बाहेर थंडी होती. त्यांच्या मनात सोळा ते अठरा अंश होते. आमच्या एका मित्रानं हा नियम पुण्यात एप्रिलमध्ये पाळला. त्यानं वाढलेल्या त्या द्रवानं डॉक्टरचा खोकला बरा झाला.

फाइन डायनिंगसाठी आम्ही मुंबई गाठतो. मुंबईत २०१६ साली महालक्ष्मीला ‘मास्क’ उघडलं आणि स्वयंपाकी ठरवेल ते, ठरवेल त्या क्रमानं खायचं, ही पद्धत इकडच्या पैसेवाल्यांच्या अंगवळणी पडली. नंतर तशी बरीच निघाली. त्यातल्या एकात, नाव नको, आम्ही बँकवाल्याच्या साठीनिमित्त गेलो. एकेक पदार्थ क्रमानं आणायची रीत युरोपातही तशी अलीकडची. ती एकोणिसाव्या शतकात रशियाकडून फ्रान्समध्ये आली. त्याआधी फ्रेंच लोकही सगळं एकदम मांडून आपल्याला हवं ते घ्यायचे. आपलं ताट अजून त्याच काळात आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये भात. कशात काय कालवायचं हा खाणाऱ्याचा अधिकार. इथे तो अधिकार काढून घेतलेला. भल्यामोठ्या काळ्या दगडावर एक लहानसा घास येतो, त्याच्याबरोबर एक मुलगी येते आणि त्या घासाची कुळकथा सांगते: पीठ कुठल्या डोंगरातलं, लोणी कोणत्या गाईचं, धूर कुठल्या लाकडाचा. कथा घासापेक्षा लांब असते. आर्किटेक्ट तेवढ्यात दगडाची जात ओळखते. ‘कडाप्पा. आमच्या बाथरूमला आहे.’

चौथ्या की पाचव्या खेपेला वाटीत काहीतरी आलं आणि त्यावर पांढरा फेस होता. फेसाचं मूळ स्पेनमध्ये. फेरान आद्रिया नावाच्या बल्लवाचार्यानं एल बुली या आपल्या रेस्टॉरंटात नव्वदच्या दशकात भाज्यांचे, फळांचे, कशाकशाचे फेस करून जगाला वेड लावलं. ते रेस्टॉरंट २०११ साली बंद झालं, फेस मात्र जगभर उरला. पण बँकवाल्याचं बालपण सदाशिव पेठेत गेलेलं. त्यांच्या घरात सकाळच्या वरणावर संध्याकाळी फेस दिसला, की त्याची आई ते पातेलं उचलून थेट मोरीत रिकामं करायची. वेटरनं रिवाजाप्रमाणे विचारलं, सगळं ठीक आहे ना? हा प्रश्न उत्तरासाठी नसतो, हे आम्हाला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे. पण साठीच्या दिवशी माणूस खरं बोलतो. त्यानं सांगितलं. फेसापासून सुरुवात केली, आधीच्या पदार्थातल्या मिठावर आला, पाण्याच्या ग्लासाच्या आकारावर थांबला.

पाच मिनिटांत आतून खुद्द शेफ आला. पंचविशीतला पोरगा, हातावर गोंदण, डोक्याला काळा रुमाल. आम्ही सावरून बसलो. तो बँकवाल्याजवळ वाकून म्हणाला, ‘काका, फेस आवडला नाही का? मी कराडचा. आमच्या आजीनं पण हेच विचारलं होतं, आमटी उतू गेली का म्हणून.’

आणि बँकवाला विरघळला. ‘छे छे, तसं काही नाही, फारच सुरेख आहे. फेस तर... फेस तर उत्तमच आहे,’ म्हणत त्यानं वाटी चाटूनपुसून संपवली आणि आमच्याकडूनही संपवून घेतली. आपल्यात नियम पक्का आहे. करणारा परका असेल तर तोंडावर बोलावं. घरचा निघाला तर जेवून, हात धुऊन, ढेकर देऊन, रस्त्याला लागल्यावर बोलावं. त्या रात्री द्रुतगती मार्गावर खालापूरच्या टोलपर्यंत फेस पुरला.

बिलाचं थोडक्यात सांगतो. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो, हे २०२२ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांसकट सीएनं मॅनेजरला समजावलं. जेवणावर जीएसटी आणि वाइनवर व्हॅट वेगळा का लागतो हेही समजावलं, जे त्यानं विचारलं नव्हतं. शेवटी पोरगा कराडचा निघाल्यामुळे सगळं भरलं.

एवढ्या पैशांत आपण घरी काय काय केलं असतं, या नेहमीच्या हिशेबातून स्वयंपाकाच्या पार्ट्या सुरू झाल्या. प्रत्येकानं एकेक पदार्थ सगळ्यांसमोर करायचा. पहिल्या पार्टीला माझ्या बायकोनं नियम घातला, की कुणीही कुणाच्या पदार्थाला काही म्हणायचं नाही. इतकी भयाण पार्टी मी पाहिलेली नाही. डॉक्टर रिझोतो ढवळतोय, पळीपळीनं सूप ओततोय, आणि भोवती सहा माणसं हाताची घडी घालून मुकाट उभी. विषयच सुचेना. एकानं पावसाची चौकशी केली. शेवटी वहिनींना असह्य झालं. ‘भाऊजी, हा इटलीचा तांदूळ कशाला आणलात? इंद्रायणी घेतला असता तर निम्म्या पैशांत याहून चिकट झाला असता.’ धरण फुटलं. सगळे एकदम बोलू लागले, कुणी गॅस बारीक केला, कुणी मिठाचा डबा लपवला, आर्किटेक्टनं भरल्या वांग्यांपैकी एकच वांगं मोठ्या पांढऱ्या बशीत तिरकं ठेवलं त्यावर तर दोन तट पडले. नियम कायमचा रद्द झाला. (इंद्रायणीचं वहिनींचं बरोबर होतं. नंतर करून पाहिलं.)

त्याच रात्री सीएच्या मुलानं जर्मनीहून आणलेली जुनी रिसलिंग उघडली. बँकवाल्यानं घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. ‘रॉकेल! रेशनच्या रांगेतलं रॉकेल आहे हे. बिघडलीय, परत दे.’ परत कुणाला देणार, स्टुटगार्टला? डॉक्टरनं फोन काढला आणि त्याचा चेहरा पडला. जुन्या रिसलिंगला रॉकेलचा वास येतो, आणि जाणकार त्यासाठी जास्त पैसे मोजतात! बँकवाला महिनाभर हवेत होता. आम्ही इतरांनी ती बाटली संपवायला बरीच मेहनत घेतली.

सध्या आम्ही पोपटीवर आहोत. जानेवारीत अलिबागकडे वालाच्या शेंगा भरल्या, की शेतात पोपटी लागते. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला, मग शेंगा, कांदे-बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही. तोंडाशी पुन्हा पाला ठासायचा, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. आमच्या दृष्टीनं या पदार्थात एकच वैगुण्य आहे: एकदा मडकं पालथं घातलं की आत डोकावता येत नाही, चमचा घालता येत नाही, मीठ बघता येत नाही. मग सगळ्यांनी जाळाच्या खोडी काढल्या. लाकडं ओली आहेत, पेंढा फार आहे, वाऱ्याची बाजू चुकली. पोपटी लावणारे गावातले काका उकिडवे बसून शांतपणे विडी ओढत होते. स्टीलच्या पेल्यांतून गार शेनिन ब्लाँ फिरत होती. तिखटाबरोबर लाल वाइन घेऊ नये, तिच्या तुरटपणानं तिखट आणखी भडकतं, हे मात्र आम्ही आता शिकलोय.

अर्ध्या-पाऊण तासानं काकांनी मडकं उलटं करून पाला ओढला आणि जो घमघमाट सुटला, त्यापुढे थोडा वेळ कुणालाच काही सुचलं नाही. पहिला बटाटा डॉक्टरनं उचलला. फुंकर मारून तोंडात टाकला, डोळे मिटले, वर एक घोट घेतला, दोन्ही एकत्र घोळवलं.

‘ओवा,’ तो म्हणाला. ‘धूर. भांबुर्डीचा कडसरपणा. आणि शेवटी, मागे रेंगाळणारी, अगदी पावसाळ्यातली... मातीची एक छटा.’

‘ती मातीच हाय, साहेब,’ काका म्हणाले. ‘मडक्याला चीर गेलीय.’

सीएनं विचारलं, ‘मडकं कितीला पडलं?’